तात्यांच्या घरचं सोलर आणि बॅटरी : अर्थिंगच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

आज रामनवमी. देवळात जन्म झाला, सुंठवडा घेतला आणि जेवण झाल्यावर तात्यांच्या घराची नीट पाहणी केली. राजापूर तालुक्यातलं गाव, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उतारावरचं घर, चिऱ्याच्या भिंती, पुढचं अर्धं घर कौलारू आणि मागे स्वयंपाकघर-न्हाणीवर नवीन स्लॅब, पॅनल त्या स्लॅबवरच बसणार. मे २०२१ च्या तौक्ते वादळात लाईट गेली ती लवकर आलीच नाही, तेव्हापासून तात्यांच्या डोक्यात बॅटरी आहे. माल ठरलाय: ५४० वॉटची ६ पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॉट, ५ किलोवॉटचा हायब्रिड (लाईन, पॅनल आणि बॅटरी तिन्हीवर चालणारा) इन्व्हर्टर, आणि ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे पाच युनिटच्या थोडी वर. पॅनल बसवणं, इन्व्हर्टर टांगणं हे दोन दिवसांचं काम, त्याचं मला टेन्शन नाही. मी रत्नागिरीहून दर शनिवार-रविवार येणार आहे तो अर्थिंगसाठी.

या नोंदी का लिहितोय ते एकदा लिहून ठेवतो. मागच्या पावसाळ्यात मीच वायरिंग केलेल्या एका घरी लाईट गेलेली, घर बॅटरीवर चाललेलं, आणि तिथल्या वहिनींना वॉशिंग मशीनचा जोरात झटका बसला. वाचल्या. ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईट तोडणारा स्विच) लावलेला होता, टेस्ट बटण दाबलं की खटकन पडत होता, अर्थिंगचा खड्डाही चांगला होता, आणि तरी त्या वेळी तो पडला नाही. का पडला नाही हे कळायला मला पुढे दोन आठवडे लागले. ते इथे होऊ द्यायचं नाही.

पाहणीत दिसलं ते: जुना अर्थिंगचा खड्डा गोठ्याच्या भिंतीला लागून, जीआय पाईप वरून गंजून पापुद्रे सुटलेला, वायर ८ नंबरची, नटावर नुसती गुंडाळलेली. आणि गोठ्यातला एक बल्ब फेज आणि अर्थवर जळत होता. न्यूट्रल तिथवर न्यायला वायर कमी पडली म्हणून कोणी तरी कधी काळी पाईपलाच दुसरं टोक लावून दिलं. आमच्याकडे हे खूप घरांत सापडतं. तो बल्ब पहिल्यांदा काढला. दोन म्हशी नि एक गाय तिथे बांधलेली असते, त्या पाईपातून रोज करंट जमिनीत जात होता.

७ एप्रिल

जुना खड्डा मोजला. अर्थ मेगरने (अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायच्या मीटरने) तीन पॉइंटची पद्धत, करंटची खुंटी ३० मीटरवर आणि व्होल्टेजची खुंटी त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर, म्हणजे १८.६ मीटर. लिहायला सोपं आहे, पण कातळावर खुंटी जातच नाही. पहिली खुंटी वाकली. शेवटी हॅमर ड्रिलने भोकं पाडली, त्यात माती आणि पाणी भरून खुंट्या रोवल्या, वर ओली पोती टाकली, तेव्हा कुठे काटा स्थिर झाला.

रीडिंग १३८ ओहम. व्होल्टेजची खुंटी १६ आणि २२ मीटरवर सरकवून बघितलं तरी १३० ते १४५ मध्येच, म्हणजे मापण्यात चूक नाही, खड्डाच कोरडा आहे.

तात्या म्हणाले, "अरे पण इतकी वर्षं चाललं की." चाललं, कारण इतक्या वर्षांत फॉल्ट आला नाही.

१२ एप्रिल

आज हातात काम नाही, लोक मिळाले नाहीत, म्हणून बसून हिशोब केला.

जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात करंटला वाट देतच नाही. साधारण ओल्या मातीची रेझिस्टिव्हिटी १०० ओहम-मीटर धरली तर ३ मीटरच्या ५० मिमी पाईपचं उत्तर येतं २९ ओहमच्या आसपास. माझे १३८ आले म्हणजे इथली जमीन जवळजवळ पाचपट वाईट. नुसतं आणखी खोल खणून हे सुटणार नाही, खाली पण कातळच आहे.

आता तात्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो कारण वायरमन लोकसुद्धा इथे गडबडतात. समजा फ्रीजच्या बॉडीला फेज लागला. अर्थिंग आहे १० ओहमचं, म्हणजे चांगलंच. ट्रान्सफॉर्मरकडचा अर्थ दोन-तीन ओहम धरा. करंट किती जाईल? २३० भागिले १२-१३, म्हणजे १८ अँप. डीबीत (स्विचांच्या पेटीत) १६ अँपचा सी कर्व्हचा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) आहे, तो ताबडतोब पडायला ८० ते १६० अँप लागतात. १८ अँपवर तो तासभर पण पडणार नाही. तोवर फ्रीजची बॉडी पावणेदोनशे व्होल्टवर राहणार आणि काकी दार उघडायला हात लावणार. म्हणजे पाच ओहम आणा, दहा ओहम आणा, नुसत्या खड्ड्याच्या जोरावर एमसीबी पडत नाही. माणूस वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलीअँपवर पडणाऱ्याला ५० व्होल्टच्या आत राखायचं म्हटलं तर हिशोबाने १६०० ओहमपर्यंतचं अर्थिंग चालतं. १३८ ओहमच्या त्या गंजक्या पाईपवरसुद्धा तो पडला असता!

मग खड्ड्यावर एवढा खर्च कशाला, असं तात्यांनी लगेच विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. खड्डा लागतो तो विजेसाठी. आभाळातली वीज पडली, जवळ पडली, तर सर्ज अरेस्टर तो सगळा लोंढा अर्थच्या वायरवर ढकलणार, आणि ती वायर पुढे जमिनीत नीट उतरत नसेल तर तो लोंढा घरातच फिरणार. सड्यावरचं घर आहे, मे महिन्यात वळवाच्या पावसात आणि परत ऑक्टोबरमध्ये इथे विजा कशा पडतात ते गावात सगळ्यांना माहितीय.

आणि अजून एक गोष्ट आहे, न्यूट्रलची, ती इन्व्हर्टर चालू झाला की बघू.

१९ एप्रिल

नवीन खड्ड्यांची जागा ठरवली. सबसिडीच्या कामात साधारण तीन खड्डे मागतात, एसीचा वेगळा, डीसीचा वेगळा, वीजरोधकाचा (आभाळातली वीज झेलणाऱ्या दांड्याचा) वेगळा. करायचे तर तीन करू, पण जागा कातळ बघून नाही तर ओल बघून निवडायची.

मागच्या परसात माड आहेत आणि न्हाणीचं पाणी पन्हळीने माडांच्या आळ्यात जातं. बारा महिने ओली जागा, शिवाय माड लावताना कातळ फोडून आत माती भरलेली. एसी आणि डीसीचे दोन खड्डे तिथे, माडाच्या मुळांपासून थोडे लांब. वीजरोधकाचा तिसरा घराच्या दुसऱ्या अंगाला, गोठ्यापासून होता होईल तेवढा दूर. वीज जमिनीत उतरते तेव्हा खड्ड्याच्या भोवती जमिनीवरच जागोजागी वेगळं व्होल्टेज असतं, माणसाच्या दोन पावलांत अंतर कमी, पण गुराच्या पुढच्या नि मागच्या पायात दीड मीटर अंतर आणि मधे काळीज. झाडाखाली उभी असलेली गुरं विजेने मरतात त्यातली बरीचशी अशी मरतात, वीज अंगावर न पडता.

मीठ-कोळसा घालायचा नाही असं मी आधीच सांगितलं होतं. गावातल्या वायरमनला पटलं नाही, तो म्हणाला आम्ही मिठाशिवाय कधी केलंच नाही. मीठ घातलं की रीडिंग लगेच खाली येतं हे खरं, पण आपल्याकडच्या पावसात दोन-तीन वर्षांत ते धुऊन जातं, जाताना जीआय पाईप खाऊन जातं, आणि इथे तर विहीर खड्ड्यापासून पंचवीस पावलांवर आहे. पिण्याच्या पाण्याशेजारी मिठाची गोणी पुरायची का? त्यावर तो गप्प बसला आणि मग मनापासून कामाला लागला.

मीठ-कोळशाच्या जागी बेंटोनाईट. घमेल्यात पाणी घालून कालवलं, आंबोळीच्या पिठाइतपत सैल, १७ मिमीचा तांब्याचा मुलामा दिलेला ३ मीटरचा रॉड मधोमध धरून भोवतीने ओतत गेलो. ही माती पाणी धरून फुगते आणि रॉडला चारी बाजूंनी चिकटून राहते. एका खड्ड्याला दोन गोणी लागल्या. संध्याकाळपर्यंत दोनच झाले, हातांना पांढरट थर बसलाय तो साबणाने पण जात नाहीये.

२० एप्रिल

तिसरा खड्डा. इथे एक मीटरवर कातळ लागला. पहार, छिन्नी, शेवटी चिऱ्याच्या खाणीवरचं ड्रिल मशीन बोलावलं.

रीडिंग (पहिले दोन ओतून एक दिवस झाला, अजून बसायचंय): एसी ११, डीसी १४, वीजरोधक ३१ ओहम.

आता महत्त्वाचं. तीन खड्डे केले आणि तीन स्वतंत्र ठेवले तर ते तीन नसलेलेच बरे. समजा वीजरोधकातून फक्त १० हजार अँप गेले आणि त्या खड्ड्याचे १० ओहम आहेत, तर तो खड्डा त्या क्षणाला १ लाख व्होल्टवर चढतो. शेजारचा डीसीचा खड्डा शून्यावर. मधे काय आहे? पॅनल, इन्व्हर्टर, बॅटरी, आणि घर. तो फरक कुठून तरी उडी मारणार आणि ती उडी तुमच्या पाच युनिटच्या बॅटरीतून मारणार. म्हणून तिन्ही खड्डे जमिनीखालून पट्टीने जोडायचे, म्हणजे सगळं एकदम वर चढेल आणि एकदम खाली येईल, आतल्या वस्तूंना फरक जाणवणार नाही. वीजरोधकाच्या आयएस/आयईसी ६२३०५ मध्ये हेच सांगितलंय, सगळं एकत्र बांधा. "वेगळा खड्डा" याचा अर्थ वेगळा रॉड, वेगळी अर्थिंग सिस्टीम असा नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहणार.

२५ बाय ३ मिमीची जीआय पट्टी, २० मीटर, अर्धा मीटर खोल चर खणून पुरली. जोडांवर दोन-दोन बोल्ट, वर डांबरी टेप. पट्टी स्वतःच आडवा इलेक्ट्रोड झाली हा वरचा फायदा. सगळं जोडून रीडिंग ५.४.

गोठ्याजवळचा जुना पाईप उपटून टाकला. म्हशींच्या पायाखाली आता काही नाही.

२७ एप्रिल

पॅनल आणि स्ट्रक्चर. पॅनलची फ्रेम ॲल्युमिनियमची असते पण वरचा ॲनोडाइजचा थर करंट जाऊ देत नाही. मल्टीमीटरची टोकं फ्रेमवर नुसती टेकवली तर रीडिंगच नाही, नखाएवढी जागा खरवडली की लगेच शून्य. म्हणजे पॅनल स्ट्रक्चरवर बोल्टने घट्ट बसलं म्हणून अर्थ झालं असं धरून चालायचं नाही. फ्रेमवर अर्थची खूण असलेलं भोक असतं, तिथूनच, दातेरी स्टीलचा वॉशर घालून, तो वॉशर थर फोडून आत रुततो. ६ चौ. मिमीची हिरवी-पिवळी वायर, आणि वायरच्या टोकाचा लग कथिलाचा मुलामा दिलेला. नुसतं तांबं ॲल्युमिनियमवर दाबलं तर इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवी-पांढरी पूड होते.

सहाही फ्रेम, स्ट्रक्चरचे चारही पाय तपासले, प्रत्येक ठिकाणी अर्ध्या ओहमच्या आत. वायर एका पॅनलवरून दुसऱ्यावर अशी तोडत नाही नेली, अखंड ठेवली, म्हणजे उद्या एक पॅनल काढलं तरी बाकीच्यांचं अर्थ सुटणार नाही.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. काकींचा हट्ट की बॅटरी आजच घरात आली पाहिजे, मग रजा काढून आलो. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला (बॅटरीपासून लांब). पडवीच्या आतल्या भिंतीला बसवली.

३ मे

बॅटरी. इथे सगळ्यांचा प्रश्न एकच, निगेटिव्ह अर्थ करायचा का? माझा मित्र मोबाईल टॉवरवर काम करतो, तो म्हणाला आमच्याकडे पॉझिटिव्ह अर्थ असतो. त्याचं बरोबर, टेलिकॉममध्ये उणे ४८ व्होल्ट चालतं, वायरी गंजू नयेत म्हणून तशी जुनी पद्धत आहे. गाडीत निगेटिव्ह बॉडीला असतो. पण म्हणून घरच्या हायब्रिडला तसंच करायचं असं नाही. या इन्व्हर्टरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की बॅटरीचं कुठलंच टोक अर्थला लावू नका, आणि पॅनलचंही नाही. इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसलेला आहे, पॅनलचा निगेटिव्ह अर्थ केला तर एसी जोडल्याबरोबर आतून शॉर्ट होईल.

म्हणून: दोन्ही टोकं मोकळी, पेटीची बॉडी मात्र पक्की अर्थ. पॉझिटिव्हला केबल ३५ चौ. मिमी आहे, म्हणून बॉडीच्या अर्थला १६ चौ. मिमी घेतली. पॉझिटिव्हवर १२५ अँपचा डीसीचा एचआरसी फ्यूज, अगदी बॅटरीच्या तोंडाशी, कारण लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँप देऊ शकते आणि साधा एसीचा एमसीबी तिथे आर्क तोडू शकत नाही. मोकळ्या टोकांचा एक धोका असतो, पहिला फॉल्ट गुपचूप बसतो नि दुसरा आला की थेट शॉर्ट. म्हणून दर सहा महिन्यांनी दोन्ही टोकं ते बॉडी व्होल्टेज बघायचं, रीडिंग हळूहळू शून्याकडे घसरलं पाहिजे, एखाद्या आकड्यावर ठाम उभं राहिलं तर कुठे तरी वायर सोललीय. हे तात्यांच्या वहीत लिहून दिलं.

डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना टाईप २ सर्ज अरेस्टर. त्याची अर्थ वायर शक्य तेवढी आखूड आणि सरळ. जुनी सवय म्हणून मदतनीस पोराने वायरची छान गोल गुंडाळी करून ठेवली होती, दिसायला सुंदर, पण सर्जच्या वेळी वायरच्या दर मीटरला साधारण १ किलोव्होल्ट चढतो, त्या गुंडाळीनेच अरेस्टर निकामी झाल्यासारखा होईल. कापून चाळीस सेंटीमीटरवर आणली.

१० मे

इन्व्हर्टर चालू. आजची नोंद मोठी आहे कारण याच दिवसासाठी एवढं सगळं केलं.

लाईट असताना मोजलं: फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३२, न्यूट्रल-अर्थ २. बरोबर. आता मेन बंद केला, घर बॅटरीवर गेलं, पंखा थांबला पण नाही. परत मोजलं: फेज-न्यूट्रल २३०. फेज-अर्थ ११८. न्यूट्रल-अर्थ ११२.

हे जे अर्धं-अर्धं व्होल्टेज दिसतं ना, तिथे थांबायचं. लाईट असते तेव्हा न्यूट्रल तिकडे ट्रान्सफॉर्मरवर जमिनीला बांधलेला असतो. लाईट गेली की इन्व्हर्टर आतल्या रिलेने फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला उलटा करंट जाऊ नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्याबरोबर घराच्या न्यूट्रलचं जमिनीशी नातं सुटतं. आता खड्डा आहे, वायर आहे, पण करंटला परत इन्व्हर्टरकडे यायची वाटच नाही. ११८ आणि ११२ हे इन्व्हर्टरच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे दिसतं, त्यात ताकद नाही.

झीरोचा बल्ब घेतला, १५ वॉटचा जुना पिवळा. लाईट असताना आरसीसीबीच्या पुढच्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ लावला: आरसीसीबी ताबडतोब पडला, कारण हा बल्ब ६५ मिलीअँप घेतो. मग मेन बंद करून बॅटरीवर तेच केलं. बल्ब लागला नाही. आरसीसीबी पडला नाही. आणि बल्ब तसाच लावलेला ठेवून मोजलं तर फेज-अर्थ ३ व्होल्ट आणि न्यूट्रल-अर्थ २२७. म्हणजे फेज जाऊन जमिनीवर बसला आणि घरभरातला न्यूट्रल जिवंत झाला, आणि कोणालाही काही कळलं नाही. मग त्याच क्षणी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये रेझिस्टन्स घालतं, जमिनीशी त्याचा संबंधच नाही, त्यामुळे ते "सगळं ठीक" सांगत राहतं.

तात्या शेजारी उभे होते, म्हणाले, "मग बरंच की रे, एका वायरीला हात लागला तर शॉकच नाही." एका फॉल्टपुरतं खरं आहे. पण पहिला फॉल्ट कळत नाही म्हणून तो महिनोन् महिने तसाच राहतो. त्या दुसऱ्या घरी हेच झालं होतं. विहिरीच्या पंपाचा फेज ओलीने लीक, तो जमिनीवर बसलेला, न्यूट्रल २३० वर चढलेला. वॉशिंग मशीनच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकलेला आणि प्लगची अर्थ पिन तुटलेली. वहिनींनी हात लावला, करंट न्यूट्रलमधून बॉडीत, बॉडीतून त्यांच्यात, त्यांच्यातून जमिनीत, जमिनीतून पंपाच्या फेजमध्ये. दोन्ही वायरी एकाच आरसीसीबीच्या पुढच्या, जेवढा करंट एकीतून गेला तेवढाच दुसरीतून परत आला, आरसीसीबीला बेरीज शून्य दिसली. त्याची चूक काहीच नव्हती. न्यूट्रल बांधायचा मी राहिलो होतो.

रात्री झोप लागायला वेळ लागला.

११ मे

उपाय असा की बॅटरीवर असतानाच फक्त, इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल अर्थला जोडायचा, आरसीसीबीच्या मागे, इन्व्हर्टरच्या बाजूला. पुढे जोडला तर आरसीसीबी उगाच पडत राहील. काही इन्व्हर्टरमध्ये ही रिले आतच असते. यात नाही, पण सेटिंगमध्ये आयलंड मोडचा सिग्नल आहे, तो चालू केला की ग्रिड सुटल्यावर एका टर्मिनलवर २३० व्होल्ट येतात आणि ग्रिड आल्यावर शून्य. त्यावर कॉन्टॅक्टरची (कॉइलला करंट मिळाला की आपोआप जुळणाऱ्या स्विचची) कॉइल, आणि त्याच्या नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी सुटा राहणाऱ्या, कॉन्टॅक्टमधून न्यूट्रल-अर्थ. हे सेटिंग कारखान्यातून बंदच येतं.

गावातला वायरमन म्हणाला कायमचा लूप मारून टाक की, कॉन्टॅक्टर कशाला. नाही. लाईट असताना आपण न्यूट्रल आपल्या खड्ड्याला बांधला आणि उद्या खांबावर न्यूट्रल तुटला, तर आळीतल्या सगळ्या घरांचा न्यूट्रलचा करंट आपल्या खड्ड्यातून परत जायला बघणार. वायर तापणार, खड्डा सुकणार, आणि अर्थच्या सगळ्या बॉडींवर व्होल्टेज येणार. न्यूट्रल तुटून टीव्ही-फ्रीज जळाल्याचं आपण सगळ्यांनीच बघितलंय.

कॉन्टॅक्टर रत्नागिरीत मिळेल. आज बॅकअप बंद ठेवला, काकींना सांगून. त्या म्हणाल्या इतकी वर्षं कंदिलावर काढली, एक आठवडा काय.

१७ मे

कॉन्टॅक्टर बसवला. मेन बंद, एक "टक्" आवाज, मोजलं: फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ ०. झीरोचा बल्ब फेज-अर्थ लावला, आरसीसीबी पडला. पाच वेळा केलं, पाचही वेळा पडला. लाईट आल्यावर कॉन्टॅक्टर सुटतो का ते पण पाच वेळा बघितलं.

एक गोष्ट लक्षात राहू दे. आता बॅटरीवर असताना फॉल्टचा करंट जमिनीतून जातच नाही, हिरव्या वायरीतून सरळ न्यूट्रलला येतो, वाट अगदी मोकळी. तरी पण एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही, कारण ५ किलोवॉटचा इन्व्हर्टर २२ अँपचा, शॉर्टमध्ये थोडा वेळ जास्त देईल पण सी कर्व्हला लागणारे ८०-१६० अँप तो आणणार कुठून? बॅकअपच्या डीबीतले एमसीबी बी कर्व्हचे, म्हणजे कमी करंटवर पडणारे, केले, पण खरी भिस्त आरसीसीबीवरच. एकाऐवजी दोन आरसीसीबी, पंपाचा वेगळा.

२६ मे

पाऊस कालच तळकोकणात दाखल झाला म्हणे, २५ मेला! त्याआधीचे चार-पाच दिवस नुसता कोसळतोय. सकाळी तात्यांचा फोन, इन्व्हर्टर लाल, आयसोलेशन फॉल्ट. घाबरू नका म्हटलं, हा इन्व्हर्टर रोज सकाळी चालू होण्याआधी पॅनलच्या वायरींचं जमिनीपासूनचं इन्सुलेशन तपासतो, कुठे तरी पाणी गेलंय.

दुपारी पोचलो. स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेली सहा पॅनल) इन्व्हर्टरपासून सोडवली आणि मोजलं. एकूण २८८ व्होल्ट, म्हणजे पॅनलमागे ४८. पॉझिटिव्ह-अर्थ १९१, निगेटिव्ह-अर्थ ९६. लीक नसती तर दोन्ही रीडिंग घसरत गेली असती, ही ठाम उभी. ९६ भागिले ४८, दोन. म्हणजे निगेटिव्हकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनलच्या मधे. सहा पॅनल उचकटायची गरज नाही, भर पावसात थेट तिथेच गेलो आणि सापडलं, तिथला कनेक्टर टायमधून निसटून स्लॅबच्या पाण्यात पडलेला, आणि दोन बाजू दोन वेगळ्या कंपनीच्या, बसतात पण घट्ट नाही. माझ्याच हातून गेलेलं. एकाच बनावटीची जोडी क्रिम्प केली, सगळे कनेक्टर स्टीलच्या क्लिपने वर बांधले. इन्व्हर्टर हिरवा.

आणि हे सापडलं ते फ्रेम नीट अर्थ केल्या होत्या म्हणून. फ्रेम मोकळ्या असत्या तर इन्व्हर्टरला ही गळती दिसलीच नसती आणि स्लॅबवर वाळवण घालायला गेलेल्या काकींना ती पहिली कळली असती.

१५ जून

तिन्ही खड्डे जोडून ३.२ ओहम. पावसात एवढं येणारच, खरा आकडा एप्रिल-मेचा. वहीत दोन्ही लिहायचे.

१२ ऑक्टोबर

परतीच्या पावसाचा गडगडाट. परवा रात्री सड्यावर वीज पडली, वरच्या वाडीतला एक माड उभा चिरला. तात्यांकडे लाईट गेली, घर बॅटरीवर आलं, कॉन्टॅक्टरचा "टक्" आवाज तात्यांनी अंथरुणातून ऐकला असं ते आज तीनदा सांगत होते.

तपासलं: डीसी बाजूच्या सर्ज अरेस्टरची एक खिडकी हिरव्याची लाल झालीय, काडतूस बदललं. इन्व्हर्टर, बॅटरी ठीक. बॅटरीची टोकं ते बॉडी, दोन्ही शून्याकडे घसरली. रीडिंग ३.९. झीरोच्या बल्बची टेस्ट या वेळी तात्यांनी स्वतः केली, रबरी चप्पल घालून, एक हात मागे ठेवून, मी शिकवलं तसं. मेन बंद, बल्ब लावला, पडला. वहीत तारीख टाकून खाली सही केली. पुढची तपासणी एप्रिलमध्ये, आळ्यातली माती सुकल्यावर.